1886: रूळ तीन इंच सरकले ते वर्ष

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

निबंधासाठी अमेरिकेच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडायचं तर 1886 चांगलं आहे. पण शिकागोचा हेमार्केट बॉम्ब आणि न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांवर वर्गातले निम्मे लिहिणार. तू 31 मे आणि 1 जून घे. मुख्यतः या दोन दिवसांत दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांनी सुमारे 11,500 मैल मार्गाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदललं.

पार्श्वभूमी लवकर आटप. 1830 च्या दशकात चार्ल्सटनहून निघालेल्या रेल्वेने 5 फूट गेज धरलं आणि दक्षिणेत तेच पसरलं. उत्तरेत बहुतेक ठिकाणी 4 फूट 8½ इंच. दोन्ही भेटत तिथे डबे उचलून बोगी (खालचा चाकांचा सांगाडा) बदला, नाहीतर माल उतरवून पुन्हा चढवा. आपल्या मनमाडला मीटर गेजपायी हेच चालायचं. 1881 मध्ये इलिनॉय सेंट्रलने आणि 1885 मध्ये मोबाइल अँड ओहायोने गेज बदलल्यावर बाकीच्यांना धंदा हातचा जाण्याची धास्ती पडली. फेब्रुवारी 1886 मध्ये अटलांटाच्या बैठकीत 4 फूट 9 इंच ठरलं. अर्धा इंच जास्त, कारण पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं गेज तेवढं होतं आणि दक्षिणेची देवाणघेवाण तिच्याशी मोठी. अर्ध्या इंचाने गाडी अडत नाही. या कंपनीचं मुख्यालय फिलाडेल्फियात होतं. त्याच शहरात 11 मार्च 1886 ला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. ही ओळ निबंधात येऊ दे.

आता खरं काम. एकच रूळ 3 इंच आत सरकवायचा. ते दोन दिवस निभले ते आधीच्या तयारीवर. नव्या जागी स्लीपर (रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके) तासून सपाट केलेले, नाहीतर रूळ तिरका बसतो. नव्या जागेचे आतल्या बाजूचे खिळे आधीच ठोकलेले. रूळ त्या खिळ्यांना टेकला की गेज आपोआप जुळतं. जुन्या जागेचे आतले खिळे बरेचसे आधीच उपटलेले, गाडी चालेल एवढेच ठेवलेले. त्या दिवशी उरलेले उपटायचे, पहारीने रूळ आत लोटायचा, बाहेरून खिळे ठोकायचे, पुढे सरकायचं. एकट्या लुईव्हिल अँड नॅशव्हिलने सुमारे 8,000 माणसं लावली होती.

वळणावर मात्र रूळ नुसता लोटून भागत नाही. बाहेरचा रूळ आत घेतला की त्याचा मार्ग आखूड होतो आणि लांबी उरते. आतला बाहेर घेतला तर ती कमी पडते. फरक त्रिज्येवर अवलंबून नाही, किती कोनात वळलो त्यावर आहे: 90 अंशांना सुमारे 4.7 इंच. म्हणजे कुठेतरी तुकडा कापायचा किंवा घालायचा. काटे (गाडी दुसऱ्या मार्गावर वळवणारे रूळ) आणि क्रॉसिंग (जिथे रूळ एकमेकांना छेदतात) यांचं काम याहून किचकट.

डब्यांच्या अॅक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) चाकं प्रेसने आत दाबायची, दोन्हीकडे दीड-दीड इंच. नवे अॅक्सल आधीपासून त्याच हिशेबाने कातलेले. सगळ्यात डोकेदुखी इंजिनांची. ती एका दिवसात होत नाहीत. काही आधी बदलून उभी केली, बाकीची वर्कशॉपमध्ये रांगेत लागली.

वळणाची आकृती हाताने काढ आणि दोन्ही रुळांची लांबी बाजूला लिही. सर नक्की विचारतील.

तुझे,
बाबा