तंजावर आधी, छपाई नंतर

बंगळूर, १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा व तीर्थस्वरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या तंजावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित काल रात्री वाचून संपवले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतलेल्या भोसले घराण्याच्या इतिहासावर तुम्ही एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि तो शिलालेख तुम्ही अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. म्हणून दिवाळीपूर्वी पुस्तक छापण्याची घाई करू नये, आधी आपण सर्वांनी तंजावरला जाऊन यावे, असे मला वाटते.

जाण्यासाठी जानेवारीचा शेवट बरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे असतात आणि पोंगलच्या दिवसांत गर्दी असते. तुम्ही इकडे आलात की म्हैसूरहून बंगळूरमार्गे जाणारी रात्रीची गाडी आपल्याला सकाळी तंजावरला पोहोचवते. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस मी तिकिटे काढीन, परंतु तुम्हा दोघांचे तिकीट मुद्दाम वेगळे काढणार आहे. ज्येष्ठांसाठी राखलेले खालचे बर्थ एकट्या ज्येष्ठ प्रवाशाला किंवा एका तिकिटावरील दोघा ज्येष्ठांनाच मिळतात. आमची नावे त्याच तिकिटावर घातली की तो कोटा लागू होत नाही, आणि मागच्या वेळी आईला मधल्या बर्थवर चढावे लागले ते माझ्या या अज्ञानामुळेच. मंदिरात अनवाणी चालावे लागते आणि ऊन चढले की दगडी फरशी पोळते, तेव्हा सकाळी लवकर जायचे आणि आईने जाड पायमोजे जवळ ठेवायचे. दुपारी विश्रांती. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी वेगळा दिवस ठेवू. तिथले एखादे चित्र किंवा मोडी कागद पुस्तकात घ्यायचा असेल, तर लेखी परवानगीचे पत्र तुम्ही आत्ताच पाठवून ठेवा.

आता छपाईविषयी. ज्या संस्थेने तुम्हाला ‘संपूर्ण प्रकाशन योजना’ देऊ केली आहे, तिच्या दरपत्रकात आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, वेगळी रक्कम लावलेली पाहून मला राग आला. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांना मात्र स्वतंत्र क्रमांक लागतात. प्रकाशक म्हणून आईचे नाव घालण्याची तुमची कल्पना मला फार आवडली, फक्त मग अर्जही तिच्याच नावाने करावा लागेल. आई, प्रकाशकाला १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तकाच्या प्रती स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवाव्या लागतात, तेव्हा पुडकी बांधण्याचे काम तुझ्याकडे आले!

हजार प्रतींचा आग्रह मात्र सोडा. ऑफसेटवर प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो हे खरे, पण उरलेले गठ्ठे दिवाणाखाली, आईच्या कुरडयांच्या डब्यांशेजारीच जाणार. प्रथम डिजिटल छपाईने १०० प्रती काढू. नातेवाईक आणि तुमचे विद्यार्थी त्या वाचतील, चुका कळवतील, आणि मग मोठी आवृत्ती ऑफसेटवर काढता येईल. त्या वेळी फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पृष्ठांच्या गटाचा, हिशेब करावा लागेल. आज मजकूर २२७ पृष्ठांचा आहे, म्हणजे १५ फर्म्यांत १३ पृष्ठे कोरी राहतात, आणि तेवढ्यात तंजावरची छायाचित्रे व नामसूची सहज बसतील.

अक्षरजुळणी करणाऱ्यांना मजकूर युनिकोडमध्येच ठेवायला सांगा. जुन्या फॉन्टमधला मजकूर ई-पुस्तकासाठी बदलताना जोडाक्षरे मोडतात, आणि तुमच्या पुस्तकातले मोडीवरून उतरवलेले उतारे तसे मोडले तर दुरुस्त करणे जिकिरीचे होईल. शेवटचे मुद्रितशोधन तुम्ही स्वतः करू नका. आपण लिहिलेले आपल्याला पाठ असते, त्यामुळे डोळा चुकीवरून घसरून जातो. ते आईकडे द्या. माझ्या पत्रांतले ऱ्हस्व-दीर्घ ती अजूनही लाल शाईने दुरुस्त करते.

शिलालेखाच्या प्रकरणाची एक छापील प्रत मोठ्या अक्षरांत काढून प्रवासाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे भिंतीसमोर उभे राहून ओळ न् ओळ ताडून पाहता येईल. आधारकार्डे आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्या त्याच पिशवीत.

तुमची,
धाकटी