काका, तो खळगा तुम्ही दाखवलात

काका,

विद्यार्थ्यांच्या परिषदेत आमच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं, हे फोनवर सांगितल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "फोटोत कडा सरळ आली होती का?" आली होती. उत्खननातल्या चराची ती कडा खुरप्यानं तासायला तुम्हीच शिकवलं होतंत. फोनवर सांगायचं राहिलं ते आता सगळ्यांदेखत लिहितेय.

उत्खननावर पहिल्यांदा आलो तेव्हा आमची पुस्तकं पाठ होती. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांची चौकोन आखून मध्ये बांध सोडायची पद्धत, एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये तयार केलेला, थरांचा क्रम दाखवणारा तक्ता, सगळं परीक्षेत लिहून झालं होतं. चरात उतरलो आणि समोर नुसती तपकिरी माती. मातीचा रंग ठरवायच्या मन्सेलच्या रंगपट्टीशी ताडून पाहिली तर आम्हा तिघांचे तीन रंग यायचे. तुम्ही इतक्या वर्षांच्या खोदकामाच्या सवयीनं म्हणालात, "ओली बघायची की कोरडी, ते आधी ठरवा." एवढ्यानं आमची वही जुळायला लागली.

मग तो दिवस. घराची जमीन लागली होती, चोपून घट्ट केलेली, आणि तिच्यावर जळक्या धान्याचे काळे दाणे. मी पिशवी उघडून भराभर माती भरायला घेतली. तुम्ही माझा हात धरलात. खुरप्याच्या मुठीनं जमिनीवर ठोकत पुढे सरकलात; आवाज टणक येत होता, एका जागी एकदम भदभदीत झाला. तिथे तुम्ही पाणी शिंपडलंत आणि आम्हाला स्वस्थ बसायला सांगितलंत. दहा-पंधरा मिनिटांत आजूबाजूची जमीन वाळली, मधोमध दीड हात रुंदीचं ओलसर वर्तुळ तेवढं राहिलं. नंतरच्या कुणीतरी वरून खड्डा खणून ती जमीन फोडली होती. मी पिशवीत भरत होते ती त्या खड्ड्यातली भर होती.

त्या वर्तुळानं काय वाचवलं, ते मला प्रयोगशाळेत बसल्यावर कळलं. कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन; त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ५७३० वर्षं. त्यावरून काळ काढायचा, तर नमुना कुठल्या थरातला हे पक्कं हवं. लाकडाचा कोळसा फसवू शकतो, कारण जुन्या झाडाचा गाभा घर जळण्याच्या कितीतरी आधी वाढलेला असतो. धान्याचा दाणा एकाच हंगामाचा, म्हणून त्याच्यावर जास्त भिस्त. पण तोच दाणा नंतरच्या खड्ड्यातला निघाला, तर यंत्र अचूक चालूनही घराचा काळ चुकणार. ही चूक प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षातही आली नसती.

तुम्ही खड्ड्याला वेगळा क्रमांक द्यायला लावलात, त्याची माती आधी पूर्ण काढायला लावलीत, आणि मगच जमिनीवरचे दाणे वेगळ्या पिशवीत घेऊ दिलेत. ती माती पाण्यात ढवळली, तरंगून वर आलेले दाणे बारीक जाळीवर गोळा केले, सावलीत वाळवले. माझ्या मैत्रिणीचा प्रबंध त्या दाण्यांवर उभा आहे. आणखी एकानं त्याच थरातल्या खापरांची चित्रं काढली. काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा व्यास कसा काढायचा, हे तो आता नव्या मुलांना शिकवतो.

पोस्टरवर आमची चौघांची नावं आहेत. तुमचं नाव खाली, आभाराच्या ओळीत, बारीक अक्षरात आलं. त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून लेख लिहिताना सरांशी बोलले. खळगा कुणी आणि कसा ओळखला, ते आता मजकुरातच येईल, तुमच्या पूर्ण नावासकट. मसुदा वाचून दाखवायला मी येणार आहे. ठोकण्याच्या आवाजाचं वर्णन मला नीट जमलेलं नाही, ते तेवढं तुम्ही दुरुस्त करून द्या.

तुमची,
पूर्वेकडच्या चरातली विद्यार्थिनी