शहाळं न आणणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही ‘थांब, चहा टाकते’ म्हणून आत सटकता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता कुठे पळाल?

ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा अख्खी मंडळी आमच्याकडे येऊन गेली. आपल्या नगरची माणसं आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात बायबलचं वचन. डायलिसिसच्या माणसाला शहाळं चालत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. शहाळी मी शेजारी वाटून टाकायचे. वचनांचं काय करावं, ते मात्र समजत नव्हतं. देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळ्यातून कल्याणच होतं, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ऐकवलं. वचन खरं आहे, मी ते मानते. पण त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, सगळी सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो आणि आत्मासुद्धा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो, असं पौल लिहितो. तेवढा भाग आमच्या घरात कुणी वाचला नाही. तो तुम्ही वाचलात, पण तेही बऱ्याच नंतर.

आल्या आल्या तुम्ही विचारलंत, “पाणी किती सांगितलंय?”

दिवसाला लिटरभर, आणि त्यातच चहा, ताक, आमटी सगळं धरायचं, असं मी म्हणाले. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, लिटरची एक बाटली काढलीत आणि नळाखाली काठोकाठ भरलीत. ‘हा आजचा शिधा. त्यानं कपभर चहा घेतला की हिच्यातलं कपभर पाणी झाडाला घालायचं. बाटली रिकामी झाली की दिवस संपला.’ मग फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मागितलात. घोटभर पाण्यानं भागत नाही तिथं बर्फाचा एक खडा जिभेवर बराच वेळ पुरतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं असेल, पण त्या गर्दीत माझ्या कानात शिरलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही प्रार्थनाही केली नाहीत. निघताना दारात ह्यांच्या डोक्यावर हात ठेवलात, तेवढंच. घरातले सगळे चक्रावले. प्रार्थना न करता मावशी गेल्या?

तुमच्या आजी मिशनच्या काळातल्या बायबलबाई होत्या, हे मला नंतर समजलं. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं. त्या कामाच्या इतिहासात मिशनऱ्यांची नावं आहेत, शाळांची आहेत, पण घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या ह्या बायांबद्दल फार थोडं सापडतं. तुम्ही सांगायचात की आजी कुणाच्याही घरात शिरली की आधी जात्याला हात लावायची. बाईचं दळण उरकलं की मगच पुस्तक उघडायचं. नाहीतर ती ऐकणार कुठल्या कानानं?

आरोग्य योजनेच्या कागदांचंही तसंच. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, हे मला ठाऊक होतं. पण रेशनकार्डावरचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, म्हटल्यावर मी तिथंच हातपाय गाळले होते. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर तुम्ही माझ्या शेजारी बसून राहिलात, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिलात आणि त्या पोराला शाळेतल्या आवाजात म्हणालात, ‘बाळा, घाई नाही. पण काम झाल्याशिवाय मी उठणार नाही.’ तुमच्या हाताखालून शिकून गेलेल्यांना तो आवाज चांगला ठाऊक असणार.

मग डायलिसिसच्या दिवसांची सोबत सुरू झाली. आत मशीन, बाहेर आपण दोघी, चार-चार तास. तुम्ही बायबल घेऊन यायचात आणि स्तोत्रं ओळीनं वाचायचात, निवडून नाही. ‘आवडीची तेवढी वाचली तर ती आपली झाली, देवाची कशी?’ असं म्हणायचात. ओळीनं वाचायचं म्हणजे एक दिवस 88 वं येणारच होतं. मी जन्मापासून चर्चला जाते, पण ते स्तोत्र कधी पूर्ण ऐकलेलं मला आठवत नाही. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, ‘तरी मी तुझे उपकारस्मरण करीन’ वगैरे येतं. हे वळत नाही. ते रचणारा हेमान एज्राही रात्रंदिवस आरोळी मारतो, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणून देवालाच विचारतो, आणि अंधारातच थांबतो.

तुम्ही वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. मी वाट बघत होते, आता मावशी काहीतरी समजावतील. तुम्ही म्हणालात, “हे पण शास्त्रच आहे हं. कुणी फाडून टाकलं नाही.” मग चष्मा पुसत म्हणालात, “तुकोबा विठ्ठलाशी भांडले, आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे, मी तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो. मग आपणच का सारखं गोड बोलायचं?”

त्या रात्री मी पहिल्यांदा देवाशी खरं बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एलीया संदेष्ट्याचंही तुम्हीच दाखवलंत. रतामाच्या झुडपाखाली आडवा पडून तो ‘पुरे झालं, आता माझा जीव घे’ म्हणतो. देवदूत येऊन ना त्याच्या विश्वासाची उलटतपासणी घेतो, ना त्याला साक्ष द्यायला लावतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा तेच: ऊठ, खा, वाट लांबची आहे. होरेब डोंगर, तिथली देवाची मंद वाणी, देवाचा प्रश्न, सगळं त्या भाकरीनंतरचं. 1 राजे 19 वर मी कितीतरी प्रवचनं ऐकली असतील, पण सगळी मंद वाणीवर. भाकरीवर एकही नाही.

आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जण बोलणार, आणि पाचवा उद्गार तुमच्या वाट्याला आलेला. एप्रिलचं ऊन, पंखे फिरत होते पण वारा गरमच. हे भिंतीकडेला बसले होते, ओठ सुकलेले, खिशात आल्याचा तुकडा. ‘मला तहान लागली आहे’ ह्यावर साधारण आत्म्याच्या तहानेविषयी बोलतात, मग येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई, मग जिवंत पाणी. ती विहीर पुन्हा एकदा ऐकायची ह्यांची तयारी नव्हती. तुम्ही त्या विहिरीकडे गेलाच नाहीत. म्हणालात, ही अंगातली तहान आहे. रक्त गेलेल्या, उन्हात टांगलेल्या माणसाची. ज्यानं समुद्र केले त्याची जीभ टाळूला चिकटली, आणि ते त्यानं लपवलं नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. मग आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर कुणीतरी वर धरला. कुणी, त्याचं नाव शुभवर्तमानात योहानानं दिलेलं नाही. एवढं बोलून तुम्ही खाली उतरलात. दहा मिनिटं दिली होती, तुम्ही चारही वापरली नाहीत. पुढच्या वक्त्यांनी ती भरून काढली, हा भाग वेगळा.

ह्यांनी त्या दिवशी तुमचं नाव काढलं नाही. पण ज्या माणसानं आजारपणात बायबल कपाटावर ठेवून दिलं होतं, त्यांनी रात्री योहानाचा एकोणिसावा अध्याय काढून मागितला. पुढच्या प्रभुभोजनाला ते रांगेत उभे राहिले. द्राक्षरसाची ती अंगठ्याएवढी पेली घेऊन जागेवर परतले आणि माझ्या कानात म्हणाले, ‘एवढं बाटलीतून कमी कर बरं का.’ मला चर्चमध्ये हसू आवरेना. पाळकसाहेबांनी पाहिलं असणार.

हे बरे झालेले नाहीत, मावशी. लोक विचारतात म्हणून सांगते. मशीन चालूच आहे, वजनकाटा चालू आहे, बाटली रोज सकाळी भरते. तुम्ही गुडघ्यामुळे आता हॉस्पिटलचे जिने चढू शकत नाही, म्हणून ओळीनं वाचायचं काम माझ्याकडे आलंय. बाकावर शेजारी बसणाऱ्या आजी मुसलमान आहेत, त्याही ऐकतात आणि मधूनच ‘ये फिरसे पढो’ म्हणतात.

मंगळवारच्या बायकांच्या सभेत येत्या वेळी शास्त्रपाठ मला दिलाय. तुमच्या गल्लीतच आहे, काठी टेकत या. मी 88 वं स्तोत्र वाचणार आहे, पूर्ण, आणि शेवटी गोड असं काहीही जोडणार नाही. कुणी विचारलं की हे काय निवडलंस, तर तुमच्याकडे बोट दाखवीन.

तुमची,
डायलिसिसच्या बाकावरची सोबतीण