आजीच्या व्यवसायाचा रकाना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी आजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी वारली. मृत्यूच्या नोंदणीचा अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात मी ‘खाणावळ’ असे लिहिले होते. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तो शब्द खोडून ‘गृहिणी’ असे केले. त्या दिवशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, म्हणून ती दुरुस्ती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आजी लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून लालबागला आली, ती १९५० च्या दशकात. तिच्या सासूने कापड गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात काम केले होते. परंतु आजी आली तोवर गिरण्यांमधील बायकांची संख्या घटत चालली होती आणि तिला आत घेणारे कोणी नव्हते. मग तिने चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत, आधी दिराच्या दोन सोबत्यांसाठी आणि पुढे तीस-बत्तीस कामगारांसाठी, जेवण रांधण्यास सुरुवात केली. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे तिच्या स्टोव्हलाही तीन पाळ्या. सकाळी सातच्या पाळीचे डबे भरायचे म्हणून ती साडेतीनला उठत असे, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी सातला पूर्ण जेवण मागतो, ही गोष्ट तिला कधी विचित्र वाटली नाही. घाटावरच्यांना ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी, तर कोकणातल्यांना भात आणि सुकटीचे कालवण, असे दोन स्वयंपाक एकाच खोलीत होत. (कोकणातल्यांना आमटीत गूळ हवा असतो, हा तिचा शेवटपर्यंतचा आक्षेप होता.)

खरी कसोटी पैशांची असे. कामगारांचा पगार महिन्यातून एकदा, बदलीवाल्यांचा (गैरहजर कामगाराच्या जागी तात्पुरते येणाऱ्यांचा) तर भरवसाच नाही. वाण्याचा तगादा मात्र रोजचा, आणि मधली खिंड सावकाराच्या व्याजाने भरावी लागे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खाणावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला. त्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, या हट्टापायी आजी चाळिशी ओलांडल्यावर सही करायला शिकली. सहीपुरतीच अक्षरे तिला येत होती. म्हणून तिसरीत गेल्यापासून तिच्या उधारीची वही मी लिहीत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हाची पाने माझ्याच हातची आहेत. साचेखात्यातला (मागावरचा), त्रासनवाला (सूतकताईचा), कोपऱ्यातला उंच बदलीवाला, अशा खुणांनी तिने नावे सांगितली आणि मी आकडे मांडले. मार्चपर्यंत निम्मी माणसे गावी गेली. उरलेल्यांना आजी जेवू घालत राहिली, आधी बँकेत साठलेल्या पैशांवर आणि नंतर डोरले मोडून. या गोष्टीमुळे तिला कोणी दानशूर म्हटले तर ती चिडत असे. तिने उधार दिले होते, दान केले नव्हते, आणि कोणाकडे किती राहिले ते तिला वही न उघडता पाठ होते. १९९० च्या आसपास कराडकडचा एक जण गुळाची ढेप आणि दोनशे चाळीस रुपये घेऊन आला, तेव्हा तिने पैसे मोजून घेतले, आणखी साठ राहिल्याचे सांगितले आणि मगच त्याला जेवायला वाढले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, तशी आजीची वहीही मिटली नाही; त्रेचाळीस खात्यांवर अजून काट मारलेली नाही.

दरवर्षी जानेवारीत आपल्या वृत्तपत्रासह सर्वत्र संपाच्या आठवणी छापून येतात. त्यांत गिरण्या असतात, नेते असतात, गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीची वाट पाहणारे वारस असतात, आणि ते असायलाच हवेत. परंतु घरासाठीचा हक्क गिरणीच्या नोंदींवरून ठरतो आणि खाणावळवाल्या बायांची नावे कोणत्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. त्यांना घरे द्या, असे माझे म्हणणे नाही. आजीनेही तसे कधी म्हटले नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेतले आहे. तेथे साचे आणि सूत कातण्याच्या चात्या मांडल्या जातील, तेव्हा त्यांच्या शेजारी एका खाणावळीची खोलीही तिच्या खऱ्या मापात उभी करावी, आणि ज्या बाया अजून हयात आहेत त्यांच्याकडून ती कशी लावायची हे विचारून घ्यावे, एवढीच विनंती आहे. अशा बाया आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, त्यामुळे विचारायचे तर याच वर्षी विचारावे लागेल.

आजीची पितळी परात, दोन स्टोव्ह आणि ती वही आमच्या घरी आहे. संग्रहालयाने मागितल्यास परात आणि स्टोव्ह आम्ही आनंदाने देऊ. वहीची मात्र छायाप्रत मिळेल.

आपला नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई