घराचा नकाशा झाला, आवाराचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीत बंगल्याभोवतीच्या बागांची सुंदर छायाचित्रे नेहमी येतात आणि ती पाहून घरमालक तशीच बाग करून मागतात, हे मी परिचितांमध्ये पाहत आलो आहे. त्या छायाचित्रांत हिरवळ असते, दगडी पायवाट असते, कोपऱ्यात एखादे कारंजेही असते. जुलैच्या पावसात तिथले पाणी कोणत्या दिशेला जाते, एवढे मात्र त्यांत दिसत नाही. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींचे उतार काढले आणि पुण्याच्या पश्चिमेला स्वतःचे घर बांधताना आवाराचा विचार वास्तुशांतीच्या पुढे ढकलला. ती चूक निस्तरून झाल्यावर हे पत्र लिहितो आहे.

आमचा भूखंड पाच गुंठ्यांचा, म्हणजे साधारण ५०५ चौरस मीटर. घराखाली दीडशे मीटर गेले, उरलेली साडेतीनशे मीटर जागा मंजूर नकाशावर पावसाचे पाणी मुरवायचा एक खड्डा सोडला तर कोरीच होती. बांधकाम चालू असताना कंत्राटदाराच्या माणसांनी तिथे फुटक्या विटा, प्लास्टरचा चुरा आणि दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या पुरल्या आणि वर फूटभर लाल माती पसरून दिली. पुढे बाग करणाऱ्याने त्यावर हिरवळीच्या चटया अंथरल्या आणि फाटकापासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. पहिल्या पावसातच लक्षात आले की ब्लॉकची पातळी जोत्याच्या जवळजवळ बरोबरीला आली असून उतार घराकडेच आहे. पश्चिमेच्या भिंतीला ओल धरली. उरलेले पाणी कुंपणाखालून शेजाऱ्यांच्या आवारात शिरले आणि त्यावर ते जे बोलले, ते आपण छापणार नाही. लावलेली बकुळ दोन वर्षांत गुडघ्याच्या वर गेली नाही, कारण मुळे राडारोड्यावर जाऊन थांबली होती. तो काढायचा ठरला तेव्हा कुंपणाची भिंत आणि फाटक पक्के झालेले, जेसीबी आत येईना. सहा मजूर पंधरा दिवस घमेल्यांनी तो वाहत होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे, जो मी करायला हवा होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो असे धरले, तरी आमच्या पाच गुंठ्यांवर साडेतीन लाख लिटर पाणी पडते. ते चार महिन्यांत सारखे वाटून आले असते तर प्रश्नच नव्हता. पण तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळला तर एवढ्याशा जागेत पंचवीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी अडीच टँकर रिकामे होतात. जमीन मोकळी असेल तर त्यातले काही मुरते. सगळीकडे फरशी आणि सिमेंट असेल तर जवळजवळ सगळेच रस्त्यावर आणि तिथून ओढ्यात जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पुराची कारणे अनेक होती, पण ओढ्याकडे पाणी लोटणाऱ्या आवारांत आपलेही आवार मोडते, हे नाकारता येणार नाही.

म्हणून ज्यांना आवाराचे मोठे काम काढायचे आहे त्यांनी शक्य असल्यास एक पावसाळा नुसता पाहण्यात घालवावा, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. पाणी कुठे साचते, कुठून वाहते, शेजारच्या गच्चीचे पाणी आपल्याकडे येते का, हे कागदावर लिहून ठेवावे. तेवढा धीर नसेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घेऊन चारही कोपऱ्यांच्या पातळ्या तरी मोजाव्यात. झाडे लावायच्या जागी दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे करून ते एकदा भिजवून घ्यावेत आणि मग पुन्हा पाण्याने भरावेत. मुरमाड जमिनीत काही तासांत पाणी जिरते. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल तर खाली चिकण काळी माती किंवा खडक आहे. अशा ठिकाणी झाडाचा खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी आणि शोषखड्डा तर तिथे उपयोगाचाच नाही. बांधकामाच्या आधी वरची सुपीक माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवावी, म्हणजे नंतर कुठलीतरी टेकडी पोखरून आणलेली लाल माती विकत घ्यावी लागत नाही.

उन्हाचा विचार तर फारच कमी जण करतात. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेला दहा मीटर उंचीची इमारत असेल तर तिची सावली नऊ मीटरपर्यंत आपल्या आवारात येते. तिथे हिरवळ हिवाळ्यात विरळ होते आणि माळी खताला दोष देत बसतो. उलट जिथे ऊन भरपूर, तिथे शंभर चौरस मीटर हिरवळीला एप्रिल-मेमध्ये रोज पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागते. ज्या सोसायटीत त्याच महिन्यांत प्यायच्या पाण्याचे टँकर येतात, तिथे एवढी हिरवळ राखणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

झाडांच्या बाबतीत ‘देशी लावा’ एवढा सल्ला पुरेसा नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याची मुळे वरच्यावर पसरतात आणि वादळात फांद्या मोडतात, हे खरे. कोनोकार्पस या विदेशी शोभेच्या झाडावर तर गुजरातने २०२३ मध्ये बंदीच घातली. पण सप्तपर्णी अस्सल इथली असूनही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिच्या फुलांचा उग्र दर्प खिडकीशी अनेकांना सोसत नाही आणि वड-पिंपळ लहान आवारातल्या भिंती उकलतात. पाच गुंठ्यांत बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, पारिजातक सुखाने राहतात. त्यातही मोठी होणारी झाडे घरापासून आणि सेप्टिक टँकपासून पाच-सहा मीटर दूर हवीत. चुकीच्या जागी लावलेले झाड पुढे नकोसे झाले, तर ते आपल्या खासगी आवारात असले तरी शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले आहे. माझा भूखंड त्या रेषेच्या जेमतेम वर असल्याने माझ्या नकाशावर पाणी मुरवायचा तो खड्डा दाखवलेला होताच. मात्र ब्लॉकचा उतार त्याच्या उलट दिशेला असल्याने त्यात फक्त गच्चीचे पाणी जात होते. मंजुरीच्या नकाशावरच आवाराच्या पातळ्या, उतारांचे बाण, भूमिगत नळांचे मार्ग आणि मोकळ्या मातीचे क्षेत्र दाखवणे बंधनकारक करावे, अशी माझी नियोजन प्राधिकरणांना विनंती आहे. आपणही पुरवणीत बागेच्या छायाचित्राशेजारी असा एखादा साधा नकाशा छापलात तर तो कापून ठेवणारे वाचक पुष्कळ निघतील. तोपर्यंत, ज्यांची घरे सध्या बांधून होत आली आहेत त्यांनी राडारोडा आवाराबाहेर गेल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय निदान फाटक बसवण्याची घाई करू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे