सिग्नल बघणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डिस्चार्जच्या कागदावर सर्जनचं नाव आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आहे, अगदी बेडचा नंबरही आहे. तुमच्या वाट्याला फक्त एक ओळ : 'न्यूरोमॉनिटरिंग केले', म्हणजे ऑपरेशनभर मज्जारज्जूतून जाणारे सिग्नल बघत राहिलात. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणीतरी दाखवेल तुम्हाला.

आम्ही कराडकडचे. नऊ वर्षांची मुलगी, मज्जारज्जूच्या आतच वाढलेली गाठ, छातीच्या मागच्या चौथ्या मणक्यापासून सातव्यापर्यंत. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही वॉर्डात आलात आणि माझ्याशी बोलायच्या आधी तिच्याशी बोललात. "उद्या केसांना तेल लावायचं नाही हं, माझ्या तारा चिकटत नाहीत." मग तिच्या पायाचा अंगठा धरून सांगितलंत, की तू झोपलेली असताना मी तुझ्या डोक्यावर विजेची बारीक टिचकी मारणार, ती पाठीतून खाली उतरून या अंगठ्यात पोचली की माझ्या स्क्रीनवर लाट उठणार. "आणि नाही पोचली तर?" तिनं विचारलं. "तर मी डॉक्टरांना थांबवणार." हे तुम्ही ज्या सहजपणे म्हणालात, त्यावर माझा तेव्हा विश्वास बसला नव्हता. एवढ्या मोठ्या सर्जनना कोण थांबवतंय!

त्याआधीचं वर्ष कसं गेलं ते काय सांगू. रात्री तीनला उठायची, पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायची. दप्तराचं ओझं, वाढीचं दुखणं, कॅल्शियम कमी, सगळं ऐकून झालं. एका ठिकाणी तर शाळा चुकवायची नाटकं म्हणाले. दिवसा बरी असणारी पोर आडवी झाल्यावर का रडते, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मग उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. रस्त्यात मागे पडायची आणि हिला पत्ताच नसायचा, एक पाय अनवाणी तशीच चालत राहायची. त्या चपलेनं आम्हाला एमआरआयपर्यंत नेलं.

ऑपरेशन सात तास चाललं. बाहेर येऊन सर्जननी कागदावर काढून दाखवलं. मणक्यांची मागची बाजू एका तुकड्यात, झाकणासारखी उचलली आणि शेवटी पुन्हा बसवून बारीक पट्ट्यांनी जोडली, कारण वाढत्या वयात ती काढूनच टाकली तर पाठीला पुढे बाक येऊ शकतो. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली, ध्वनिलहरींनी फोडत आणि शोषून घेत आतून पोकळ करत नेली. मग म्हणाले, "मध्येच उजव्या पायाच्या लाटा गेल्या. मॅडमनी थांबा म्हटलं. थांबलो." कोमट सलाइननं धुतलं, रक्तदाब थोडा वाढवला, हात बाजूला घेऊन वाट पाहिली. लाटा थोड्या परतल्या, काम सुरू केलं. वरच्या टोकाला गाठ मज्जारज्जूला चिकटलेली होती, तिथे पुन्हा तुमचा आवाज आला. तो तांदळाएवढा भाग त्यांनी ठेवून दिला.

ताई, खरं सांगते, तेव्हा मला तुमचा राग आला होता. आमचं शेतकऱ्याचं घर. हरळीची एक काडी राहिली तरी रान भरतं, हे सासूबाई चार वेळा म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. काढायचं तर सगळं काढा ना!

त्यात शुद्धीवर आल्यावर तिचा उजवा पाय हलेना. आयसीयूच्या दाराशी मी बसकण मारली. सर्जन म्हणाले, धीर धरा, स्नायूंच्या लाटा कमी झाल्या तरी मज्जारज्जूवरची डी-वेव्ह शेवटपर्यंत निम्म्याच्या वर होती. ती टिकली की पायाची ताकद बहुधा परत येते. डी-वेव्ह म्हणजे तीच टिचकी मज्जारज्जूतून जाताना तिथेच टिपलेली लाट, हे मला तेव्हा कळलं नाही. एवढंच कळलं, की माझ्या पोरीच्या पायाचं भविष्य तुम्ही सात तास स्क्रीनवर वाचत होतात.

तिसऱ्या दिवशी तिचं अंग पुसताना मला तुमच्या खुणा दिसल्या. तळहाताच्या गादीवर, नडगीच्या बाजूला, तळपायाच्या कडेला, जोडीजोडीनं सुईचे लाल ठिपके. जिभेवर दाताची बारीक खूण. टिचकी बसली की जबडा आवळतो, म्हणून तोंडात गॉज ठेवतात असं नर्सनं सांगितलं. मी ठिपके मोजत बसले होते आणि मोजता मोजता अंगठा हलला. जरासाच. मी हाक मारून अख्खा वॉर्ड गोळा केला. पाय पुरता चालायला पुढे आठ आठवडे गेले, फिजिओथेरपीवाल्या दादांनी तिला आणि मला दोघींनाही रडवलं, ते वेगळं.

बायोप्सीत गाठ पहिल्या ग्रेडची निघाली, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा. सावकाश वाढणारी. आधी दर तीन महिन्यांनी एमआरआय, आता सहा महिन्यांनी. दोन वर्षं झाली, तांदूळ तेवढाच आहे. उद्या वाढला तर बघू, तेव्हा ती चालत येऊन टेबलावर झोपेल. सासूबाईंना हे मी हरळीच्याच भाषेत समजावलं : मुळी उसाच्या डोळ्याला बिलगली असेल तर कुदळ कुणी घालतं का?

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. पाय कुठे आहे हे तिला न बघता नीट कळत नाही. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात बेसिनला. लाइट गेली की भिंत धरते. मैत्रिणींना सांगते, "माझ्या पायाला अंधाराची भीती वाटते."

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तुम्ही ऑपरेशन थिएटरमधून कधी बाहेर येता ते ठाऊक नाही, पण ती तुम्हाला शोधणार आहे. तिला तुम्हाला चपला दाखवायच्या आहेत. मागचा पट्टा नसलेल्या, हट्टानं घेतलेल्या.

तुमची,
तेल न लावलेल्या मुलीची आई