शाळेची पुस्तके वरच्या मजल्यावर न्यायची आहेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या हायस्कूलची दहावीची बॅच निरोप समारंभात शाळेला काहीतरी भेट देते. बहुतेक वेळा घड्याळ. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून सायकल स्टँडपर्यंत आज शाळेत नऊ घड्याळे आहेत, त्यांतली चालतात तीन. (हे लिहिणाऱ्याच्या बॅचचे त्या तिनांत नाही.) यंदाच्या २०२५च्या बॅचने घड्याळ दिले नाही. त्यांनी अकरा जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तके टेबलावर आणून ठेवली. सगळ्यांवर शाळेच्या वाचनालयाचा शिक्का आणि परत करायची तारीख ऑगस्ट २०१९ची.

ही पोरे जून २०१९ला पाचवीत आली. नवी शाळा, नवा गणवेश, आणि प्राथमिक शाळेत नसलेली एक चैन म्हणजे शनिवारी वाचनालयातून घरी न्यायला पुस्तक. दोन महिनेही झाले नव्हते तोवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागले. कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको, पावसाळ्यात आपण एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती फूट’ विचारतो, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती चढले ते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५चा पूर पाहिलेली म्हातारी माणसे म्हणत होती, त्याच्या वर काय जाणार नाही. २०१९ला ५७ फुटांच्या वर गेले. गाव रिकामे झाले, आणि ही पाचवीची पोरे दुसऱ्या गावच्या शाळेत, दुसऱ्याच पोरांच्या बाकांवर झोपली. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी त्यांनी तिथे ऐकली. निरोपाच्या भाषणात तीन जण बोलले आणि तिघेही त्या रात्रीपाशी येऊन थांबले.

पाणी उतरल्यावर शाळा उघडली तेव्हा गाळ फळ्याच्या वरच्या कडेला लागलेला होता. जनरल रजिस्टर तेवढे वाचले, कारण शिपाईमामांनी ते आदल्या दिवशीच डोक्यावरून नेले होते. वाचनालयाची लोखंडी कपाटे उघडेनात. पुस्तके पाणी पिऊन इतकी फुगली होती की दारे आतून दाबली गेली. पहारीने दारे काढली. वऱ्हांड्यात दोऱ्या बांधून पुस्तके वाळत घातली, पण पाने भाकरीच्या चवडीसारखी एकमेकांना चिकटलेली. शेवटी ट्रॉलीत भरून न्यावी लागली.

वाचली ती अकरा. मळ्यात, उंचावर राहणाऱ्या पोरांनी शनिवारी नेलेली आणि सोमवारी परत न केलेली. वेळेवर परत करणाऱ्यांची बुडाली, विसरणाऱ्यांची तरली. एका पोरीने तर पुस्तक आवडले म्हणून धान्याच्या कणगीमागे लपवले होते. सहा वर्षांनी स्टेजवर तिने ते सांगितले तेव्हा सरांनी दंड माफ केला आणि मंडप हसला.

हसला खरा, पण त्यांच्या शाळेच्या सहा वर्षांचा हिशेब मांडला तर डोळ्यात पाणी येते. सहावी कोरोनामुळे मोबाइलवर गेली. घरात फोन एक, तोही वडील रानात घेऊन जाणार, रेंज टाकीवर. सातवीत, जुलै २०२१ला, पुन्हा पूर आला, आयर्विनला ५५च्या आसपास. २०१९नंतर देणग्यांतून पुन्हा जमवलेली पुस्तके त्याच तळमजल्यावर होती. कोरोनामुळे या वर्गांना कुलूप होते. पुस्तके उचलायला ना पोरे होती, ना कोणाला आठवण. ती दुसऱ्यांदा भिजली. या बॅचला वर्गात सलग बसायला मिळाले ते आठवीपासून. म्हणूनच की काय, त्यांची मैत्री जरा जास्त घट्ट वाटते. १३ मेला निकाल लागला तेव्हा टक्के विचारायच्या आधी ‘सगळे सुटले का’ विचारत होती. आता अकरावी. यंदा राज्यभर प्रवेश ऑनलाइन, त्यामुळे कोण सांगलीला, कोण इस्लामपूरला, कोण कराडला, ते यादीच ठरवणार.

जाण्याआधी त्यांनी आमच्यापुढे, म्हणजे माजी विद्यार्थी मंडळापुढे, एक मागणी ठेवली. पुस्तके द्या असे नाही. पुस्तके आपण दोनदा दिली आणि दोनदा नदीला वाहिली. त्यांचे म्हणणे, आधी जागा वर न्या. मुद्दा बिनतोड आहे. पहिल्या पुरानंतरच हे आम्हा मोठ्यांच्या डोक्यात यायला हवे होते.

जिन्याच्या वरची खोली तुम्हाला आठवत असेल. सध्या तिथे मोडके बाक, लेझीम आणि तुटका भाला आहे. दोन्ही पुरांत पाणी तिथवर पोचले नाही, पण वरून गळते. पत्रे बदलणे, गळती बंद करणे आणि खिडक्यांना झडपा याला गवंड्याने ६२ हजार सांगितले आहेत. कपाटे नकोत, उघड्या लोखंडी मांडण्या हव्यात. वारा खेळतो आणि वेळ आली तर पुस्तक पटकन निघते. त्याचे ४८ हजार. राहिलेले ४० हजार पुस्तकांना. एकूण दीड लाख.

पोरांनी गावभर फिरून रद्दी गोळा केली, स्वतःच्या दहावीच्या वह्या आणि गाइडसुद्धा विकली, आणि १४ हजार ८६० रुपये मुख्याध्यापकांच्या हातात दिले. मंडळाने २५ हजार घातले. कमी पडतात १ लाख १० हजार १४०.

गावातल्यांनी शाळेच्या कार्यालयात रोख द्यावेत आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असलेल्यांनी आणि गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळायच्या, दुकानांवर परमुलखात बसलेल्या भावंडांनी शाळेच्या खात्यात भरावेत. खाते क्रमांक कार्यालयातून मागून घ्या, कोणी फॉरवर्ड केलेल्या क्रमांकावर पैसे टाकू नका. हिशेब १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला फलकावर लागेल, नावांसकट. नाव नको असेल तर तसे सांगा.

पैसे नसतील तर दोन दिवस द्या. जुने पत्रे उतरवायला आणि बाक खाली न्यायला माणसे लागतील. वेल्डिंगवाले दोघे आपल्याच शाळेचे आहेत, त्यांनी मजुरी घेणार नाही असे सांगितले आहे. आता एक सुतार हवा. शाळा १६ जूनला भरते आणि त्याआधी पत्रे चढायला हवेत, कारण एकदा पाऊस लागला की छतावर कोणी चढत नाही.

पुस्तके द्यायची असतील तर चांगली द्या. मागच्या खेपेला मदत म्हणून आलेल्या खोक्यांत जुन्या परीक्षांची गाइड आणि २०१२ची एक डायरी निघाली होती. पाचवी ते दहावीच्या पोराला हातात धरावेसे वाटेल असे काहीही चालेल: गोष्टी, चरित्रे, प्रवास, विज्ञान, शब्दकोश.

आणि आणखी एक. माळ्यावर, ट्रंकेत, कणगीमागे शाळेच्या शिक्क्याचे एखादे पुस्तक तुमच्याकडेही राहिले असेल. कितीही सालचे असो, आणून द्या. अकराची बारा होतील. दंड घेणार नाही, सरांनी तसे कबूल केले आहे.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ